‘कमांड नॉट फाउंड’ आणि पाथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलसाठी आहे. विंडोजचे दोन प्रश्न शेवटी आहेत. इथल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. ‘पाथ’ आणि ‘होम’ ही दोन व्हेरिएबल मात्र पूर्ण कॅपिटलमध्ये लिहायची. आणखी कुठे कॅपिटल लागलं, तर तिथेच सांगितलं आहे. डॉलर, कोलन, टिंब, तिरकी रेघ, अवतरणचिन्हं जशी दिसतात तशीच टाकायची.

‘कमांड नॉट फाउंड’ आलं म्हणजे प्रोग्राम इन्स्टॉलच झाला नाही का?

तसं असेलच असं नाही. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, तुमची सगळी डिस्क धुंडाळत नाही. तुम्ही नुसतं नाव टाइप केलंत की आधी ते एलियस (कमांडला दिलेलं टोपणनाव), फंक्शन किंवा शेलची अंगभूत कमांड आहे का हे पाहिलं जातं. नसेल तर पाथ या व्हेरिएबलमध्ये लिहिलेले फोल्डर डावीकडून उजवीकडे एकेक करून तपासले जातात. पहिल्या फोल्डरात त्या नावाची चालवता येणारी फाइल सापडली की शोध तिथेच थांबतो. फोल्डरांच्या पोटातले फोल्डर पाहिले जात नाहीत. यादी संपली आणि काही मिळालं नाही, की हा संदेश येतो.

म्हणजे संदेशाचा खरा अर्थ एवढाच, की ‘या यादीत हे नाव नाही’. फाइल दोन फोल्डर पलीकडे व्यवस्थित पडलेली असू शकते.

नावात तिरकी रेघ (/) असेल तर पाथ पाहिलाच जात नाही, शेल थेट त्या ठिकाणी जातो. ही गोष्ट पुढे बरीच उपयोगी पडते.

पाथला हात लावण्याआधी काय तपासायचं?

इथेच बहुतेकांची गडबड होते. इंटरनेटवरून पाथ बदलणारी ‘एक्स्पोर्ट’ची एखादी ओळ उचलून ती कॉन्फिगरेशन फाइलमध्ये (शेल सुरू होताना वाचतो ती फाइल) टाकली जाते, त्याने काम झालं नाही की दुसरी, मग तिसरी. महिन्याभराने त्या फाइलमध्ये पाथच्या सात ओळी असतात आणि नेमकी कोणती कशासाठी आहे ते कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी या क्रमाने जा.

आधी संदेश नीट वाचा. बॅश आणि झेडशेल हे दोन नेहमीचे शेल. बॅश ‘बॅश: नाव: कमांड नॉट फाउंड’ असं म्हणतो, तर झेडशेल ‘झेडएसएच: कमांड नॉट फाउंड: नाव’ असं म्हणतो. तुम्ही कोणत्या शेलमध्ये आहात हे त्यातच कळतं आणि पुढे कोणती फाइल बदलायची ते त्यावर ठरतं. नावाचं स्पेलिंगही तिथेच दिसतं. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो.

मग पॅकेजचं नाव आणि कमांडचं नाव एकच आहे का ते पाहा. रिपग्रेप इन्स्टॉल केलं तरी कमांड ‘आरजी’ असते. डेबियन आणि उबुंटूवर बॅट हे पॅकेज ‘बॅटकॅट’ या नावाने चालतं, आणि एफडी ‘एफडीफाइंड’ या नावाने. ‘आयएफकॉन्फिग’ हवं असेल तर नेट-टूल्स हे पॅकेज लागतं. डेबियन कुळात पॅकेजने कोणत्या फाइल कुठे ठेवल्या ते असं कळतं:

डीपीकेजी -एल पॅकेजचं-नाव | ग्रेप बिन

इथला ‘एल’ कॅपिटल आहे. पॅकेज मॅनेजर न वापरता इन्स्टॉल केलं असेल तर शोधा (~ म्हणजे तुमचा स्वतःचा होम फोल्डर):

फाइंड ~ /यूएसआर /ऑप्ट -नेम नाव २>/डेव्ह/नल

फाइल सापडली की तिचा पूर्ण पत्ता देऊन ती चालवून पाहा. चालली, तर अडचण पाथचीच आहे. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर फाइलला चालवण्याची परवानगी नाही, ‘सीएचमॉड +एक्स’ करा. फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) गायब असण्याची शक्यता मोठी.

शेवटी सध्याचा पाथ पाहा, एका ओळीत एक फोल्डर अशा रीतीने:

इको "$पाथ" | टीआर ':' '\एन'

फाइलचा फोल्डर या यादीत नसेल, तर आणि तरच पाथ बदला.

चुकीनंतर लगेच ‘इको $?’ केलंत तर १२७ किंवा १२६ हा आकडा दिसेल. १२७ म्हणजे सापडलं नाही, १२६ म्हणजे सापडलं पण चालवता आलं नाही. स्क्रिप्टचे लॉग वाचताना हा फरक कळला की निम्मं काम होतं.

फोल्डर पाथमध्ये कसा जोडायचा?

आधी फक्त चालू खिडकीपुरता जोडून पाहा:

एक्स्पोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"

टर्मिनल बंद केलं की हा बदल जातो, म्हणून प्रयोग करायला सुरक्षित. जोडायचा असतो तो फोल्डर, प्रोग्रामची फाइल नव्हे. पाथमध्ये ‘…/बिन/ब्रू’ असं फाइलपर्यंत लिहिणं ही फार नेहमीची चूक आहे.

शेवटचं ‘:$पाथ’ विसरू नका. जुनी यादी नव्या यादीत येते ती त्यामुळेच.

नवा फोल्डर आधी लिहायचा की शेवटी?

पहिला सापडेल तो जिंकतो, त्यामुळे क्रमाला अर्थ आहे. सिस्टिमबरोबर आलेल्या जुन्या आवृत्तीऐवजी तुम्ही टाकलेली नवी चालायला हवी असेल तर फोल्डर आधी. फक्त एखादं नवं नाव उपलब्ध करायचं असेल तर शेवटी. त्यात सिस्टिमच्या कोणत्याही कमांडवर कुरघोडी होत नाही. शंका असेल तेव्हा आम्ही शेवटी जोडण्याच्या बाजूचे आहोत.

कायमचा बदल नेमका कोणत्या फाइलमध्ये करायचा?

मॅकवर, २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून नव्या खात्यांचा शेल झेडशेल आहे. ओळ ~/.झेडप्रोफाइल किंवा ~/.झेडएसएचआरसी यांपैकी एकात टाका. ~/.झेडएसएचएन्व्हमध्ये टाकू नका. ती फाइल सगळ्यांत आधी वाचली जाते. त्यानंतर मॅकची स्वतःची /ईटीसी/झेडप्रोफाइल ‘पाथ_हेल्पर’ नावाचा प्रोग्राम चालवते. तो /ईटीसी/पाथ्स आणि /ईटीसी/पाथ्स.डी मधले सिस्टिमचे फोल्डर पुढे आणतो आणि तुमचे मागे ढकलतो. ‘मी आधी लिहिलं होतं, तरी जुनीच आवृत्ती चालते’ ही मॅकवरची तक्रार बरेचदा इथून येते.

लिनक्सवर बॅशचं गणित जरा किचकट आहे. लॉगिन शेल (लॉगिन करताना सुरू होणारा) /ईटीसी/प्रोफाइल वाचतो आणि मग ~/.बॅश_प्रोफाइल, ~/.बॅश_लॉगिन, ~/.प्रोफाइल या तिघांपैकी जी पहिली मिळेल तेवढीच वाचतो. बाकीच्या दोन सोडून देतो. उबुंटूवर ~/.प्रोफाइल आधीच असते. एखाद्या ट्यूटोरियलचं ऐकून तुम्ही नवी ~/.बॅश_प्रोफाइल तयार केलीत, की ~/.प्रोफाइल वाचलीच जात नाही आणि त्यातून मिळणारे फोल्डर गुपचूप नाहीसे होतात. डेस्कटॉपवर उघडलेली टर्मिनलची खिडकी मात्र सहसा लॉगिन शेल नसते, ती ~/.बॅशआरसी वाचते.

उबुंटू किंवा डेबियनच्या डेस्कटॉपवर व्यवहारात ~/.बॅशआरसीच्या शेवटी ओळ टाकली तर रोजचं काम भागतं. सर्व्हरवर एसएसएचमधून (दूरच्या मशीनशी जोडणारी सोय) थेट एकच कमांड पाठवत असाल तर मात्र भागत नाही. तिथल्या ~/.बॅशआरसीच्या अगदी वर एक तपासणी असते: शेलशी माणूस बोलत नसेल तर फाइल तिथूनच सोडून द्यायची. खाली लिहिलेली तुमची ओळ वाचलीच जात नाही. अशा ठिकाणी पूर्ण पत्ता लिहिणं सरळ.

फिश हा वेगळा शेल वापरणाऱ्यांनी एक्स्पोर्टच्या भानगडीत पडू नये. ‘फिश_ॲड_पाथ’ एकदा चालवलं की ते कायमचं लक्षात राहतं.

ओळ टाकली, सेव्ह केली, तरी फरक नाही. का?

चालू असलेला शेल फाइल पुन्हा वाचत नाही. नवी खिडकी उघडा किंवा ‘सोर्स ~/.बॅशआरसी’ चालवा. बदल ~/.प्रोफाइलमध्ये असेल तर नवी खिडकीही पुरणार नाही. पूर्ण लॉगआउट करून परत आत यावं लागतं.

उबुंटूवर आणखी एक गंमत आहे. तिथली ~/.प्रोफाइल ~/.लोकल/बिन हा फोल्डर जोडते, पण लॉगिनच्या वेळी तो अस्तित्वात असेल तरच. पायथनची पॅकेज टाकणाऱ्या पिपने तो आज पहिल्यांदा तयार केला असेल, तर आज कमांड सापडणार नाही आणि उद्या लॅपटॉप सुरू केल्यावर आपोआप सापडेल.

आता एलएससुद्धा चालत नाही! सगळंच गेलं का?

काहीही गेलेलं नाही. जुना पाथ पुसला गेला आहे, फाइल जागच्या जागी आहेत. घाबरून खिडकी बंद करू नका, हे टाइप करा:

एक्स्पोर्ट पाथ=/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन:/यूएसआर/एसबिन:/एसबिन

एक्स्पोर्ट, सीडी, इको या शेलच्या अंगभूत कमांड असल्याने पाथ रिकामा असतानाही त्या चालतात. आता नॅनो या एडिटरने ती कॉन्फिगरेशन फाइल उघडा आणि चुकीची ओळ काढा. ती काढेपर्यंत प्रत्येक नव्या खिडकीत हाच प्रकार होणार.

कारणं ठरलेली आहेत. ‘:$पाथ’ राहून गेलं. किंवा दुहेरी अवतरणाऐवजी एकेरी वापरलं. एकेरीत डॉलरचा अर्थ लावला जात नाही आणि यादीत ‘$पाथ’ ही अक्षरं जशीच्या तशी जातात. किंवा कोलनच्या जागी अर्धविराम पडला. अर्धविरामापाशी शेलच्या दृष्टीने कमांड संपते.

‘पाथ: कमांड नॉट फाउंड’ असं येतं, हे काय?

बरोबरच्या (=) चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली आहे. शेलला वाटतं पाथ नावाचा प्रोग्राम चालवायचा आहे. जागा काढा.

पाथमध्ये ~ चालतं का?

अवतरणाच्या बाहेर चालतं, आत ठेवलं तर ते उलगडत नाही. बॅश स्वतः शोधताना अशा ~ ला सांभाळून घेतो, पण ‘विच’ आणि इतर प्रोग्राम घेत नाहीत. त्यामुळे हाताने टाइप केलेली कमांड चालते आणि दुसऱ्या प्रोग्राममधून तीच सापडत नाही, असा विचित्र प्रसंग येतो. सरळ $होम लिहा.

होमब्रू, पिप, एनपीएम वगैरेंचे फोल्डर कुठे असतात?

मॅकवर पॅकेज टाकणारं होमब्रू (कमांड ‘ब्रू’) ॲपल सिलिकॉन मॅकवर /ऑप्ट/होमब्रू/बिन मध्ये असतं, इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकल/बिन मध्ये. दुसरा फोल्डर पाथमध्ये मुळातच असतो, पहिला नसतो; म्हणून जुन्या मॅकवरून नव्यावर आल्यावर ब्रू ‘हरवतं’. ~/.झेडप्रोफाइलमध्ये ही ओळ हवी:

इव्हॅल "$(/ऑप्ट/होमब्रू/बिन/ब्रू शेलएन्व्ह)"

इन्स्टॉलर शेवटी हीच ओळ टाकायला सांगतो. ती सूचना न वाचता खिडकी बंद केली जाते, तिथून सगळं सुरू होतं.

पिपने स्वतःच्या खात्यापुरतं इन्स्टॉल केलं असेल तर लिनक्सवर ~/.लोकल/बिन. मॅकवर बहुधा ~/लायब्ररी/पायथन/ आणि त्याखाली आवृत्तीच्या क्रमांकाचा फोल्डर, त्यात बिन (लायब्ररी आणि पायथनचं पहिलं अक्षर कॅपिटल). नक्की करायचं तर ‘पायथन३ -एम साइट --यूजर-बेस’ चालवा आणि आलेल्या उत्तरापुढे /बिन जोडा. पिपच सापडत नसेल तर ‘पायथन३ -एम पिप’ वापरा. त्याला पाथमध्ये पिप असण्याची गरज नाही, आणि कोणत्या पायथनमध्ये इन्स्टॉल होतंय हेही पक्कं राहतं. कमांडलाइनवर वापरायची पायथनची साधनं पिपएक्सने टाका आणि एकदा ‘पिपएक्स एन्शुअरपाथ’ चालवा.

नुसतं ‘पायथन’ न सापडणं हा वेगळा विषय. मॅक १२.३ मधून, म्हणजे २०२२ मध्ये, ॲपलने पायथन २.७ काढून टाकलं. कमांड ‘पायथन३’ आहे. डेबियन-उबुंटूवर ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचं छोटं पॅकेज टाकलं की जुनं नावही चालतं.

एनपीएमच्या (जावास्क्रिप्टच्या नोडबरोबर येणारा पॅकेज मॅनेजर) ग्लोबल पॅकेजसाठी ‘एनपीएम प्रीफिक्स -जी’ चालवा, उत्तरापुढे /बिन जोडा. जुन्या लेखांतली ‘एनपीएम बिन’ ही कमांड नवव्या आवृत्तीत काढून टाकली आहे. गोचे प्रोग्राम ~/गो/बिन मध्ये जातात, रस्टचे ~/.कार्गो/बिन मध्ये. मॅकवर व्हीएस कोडची ‘कोड’ ही कमांड हवी असेल तर पाथशी झटू नका. व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये ‘शेल कमांड’ शोधा, ती कमांड इन्स्टॉल करण्याचा पर्याय तिथेच आहे.

साधी कमांड चालते, पण पुढे सुडो लावलं की सापडत नाही. असं का?

सुडो म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्राम. बहुतेक लिनक्सवर तो तुमचा पाथ वापरत नाही. /ईटीसी/सुडोअर्समधल्या ‘सिक्युअर_पाथ’ या ओळीतली यादी वापरतो, आणि ते मुद्दाम केलेलं आहे: तुमच्या फोल्डरात कोणी ‘एलएस’ नावाची खोडसाळ फाइल ठेवली तर ती रूटच्या अधिकाराने चालू नये. म्हणून ती यादी वाढवण्यापेक्षा त्या वेळेपुरता पूर्ण पत्ता द्या:

सुडो "$(कमांड -व्ही नाव)"

पिप किंवा एनपीएमसाठी हे करावं लागत असेल, तर आधी सुडोची खरंच गरज आहे का ते पाहा. बहुधा नसते.

डेबियनवर ‘एसयू’ करून रूट झालो, तरी ‘यूजरमॉड’ सापडत नाही?

डेबियन १० पासून नुसतं ‘एसयू’ तुमचाच जुना पाथ पुढे नेतं, आणि त्यात /यूएसआर/एसबिन नसतो. ‘एसयू -’ असं, रेघेसकट, टाइप करा.

स्क्रिप्ट हाताने चालते, क्रॉनमधून नाही. काय करायचं?

क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम, तुमच्या कॉन्फिगरेशन फाइल वाचत नाही. त्याचा पाथ सहसा /यूएसआर/बिन:/बिन एवढाच असतो. स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ते लिहा किंवा क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची यादी) वर पाथची ओळ टाका. पण तिथे $होम किंवा $पाथ चालत नाही, क्रॉनटॅब डॉलरचा अर्थ लावत नाही. सगळे फोल्डर शब्दशः लिहावे लागतात.

मॅकवर डॉकमधून उघडलेल्या ॲपचंही असंच: त्यांना तुमच्या ~/.झेडएसएचआरसीमधला पाथ ठाऊक नसतो.

स्क्रिप्ट याच फोल्डरात आहे, तरी सापडत नाही?

चालू फोल्डर पाथमध्ये नसतो. ‘./नाव’ असं चालवा. पाथमध्ये टिंब घालून हा त्रास वाचवण्याचा मोह टाळा. डाउनलोड केलेल्या एखाद्या फोल्डरात जाऊन भलताच प्रोग्राम चालायची ती सोय होते. पाथच्या सुरुवातीला किंवा शेवटी उरलेला एकटा कोलन, किंवा लागोपाठ दोन कोलन, यांचा अर्थही ‘चालू फोल्डर’ असाच होतो. बऱ्याच जणांच्या पाथमध्ये तो नकळत राहून जातो.

नवी आवृत्ती टाकली, चालते मात्र जुनीच. का?

‘टाइप -ए नाव’ चालवा. त्या नावाच्या सगळ्या जागा क्रमाने दिसतात, एलियससकट. ‘विच’पेक्षा हे भरवशाचं. क्रम बरोबर असूनही जुनीच चालत असेल तर शेलने तिचा पत्ता लक्षात ठेवला आहे. बॅशमध्ये ‘हॅश -आर’, झेडशेलमध्ये ‘रीहॅश’.

झेडशेलच्या स्क्रिप्टमध्ये मध्येच सगळ्या कमांड सापडेनाशा होतात?

लहान अक्षरांत ‘पाथ’ नावाचं व्हेरिएबल वापरलं आहे का ते पाहा. झेडशेलमध्ये लहान आणि कॅपिटल पाथ एकमेकांना बांधलेले असतात. फाइलचा पत्ता ठेवायला म्हणून लहान पाथला काही किंमत दिली, की शोधाची यादीच बदलते. बॅशमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट झेडशेलमध्ये आणताना हे हमखास चावतं. व्हेरिएबलचं नाव बदला.

वेबपेजवरून कॉपी केलेली कमांड जशीच्या तशी टाकली, तरी चालत नाही?

ओळीच्या सुरुवातीचा डॉलर कॉपी झाला असेल; तो प्रॉम्प्ट (शेल वाट पाहत असल्याची खूण) आहे, कमांडचा भाग नाही. वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब रेघा याही शेलला कळत नाहीत. मॅकवर ऑप्शन दाबलेला असताना स्पेस दिली तर न तुटणारी जागा पडते: दिसायला सारखी, पण शेल तिला नावाचाच भाग समजतो. पाइपच्या (|) चिन्हानंतर ‘ग्रेप’ सापडत नाही असं आलं तर ती जागा पुसून पुन्हा टाइप करा. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर अक्षरं दिसतात, पण देवनागरी आकडा पटकन नजरेत येत नाही.

संदेशात ‘\आर’ दिसत असेल तर फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये सेव्ह झालेली आहे. ‘डॉस२युनिक्स’ने ओळींचे शेवट दुरुस्त करा.

विंडोजवर पाथ कुठे बदलायचा?

स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ शोधा, वरच्या म्हणजे यूजरच्या यादीतला पाथ निवडा, ‘एडिट’ आणि मग ‘न्यू’. इथे फोल्डर अर्धविरामाने वेगळे होतात. नंतर नवी खिडकी उघडा. व्हीएस कोडमधलं टर्मिनल असेल तर व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडा. ‘सेटएक्स’ वापरून पाथ वाढवण्याचा सल्ला मानू नका. ती कमांड १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकते, आणि त्यात तुमचा जुना पाथही कापला जातो.

पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्यूशन एलियसेस’ शोधून पायथनचे स्विच बंद करा. प्रोग्राम कुठून चालतोय ते ‘व्हेअर’ सांगतं. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर.ईएक्सई’ असं पूर्ण लिहा, कारण नुसतं ‘व्हेअर’ तिथे दुसऱ्याच कामाचं आहे.

डब्ल्यूएसएलमध्ये लिनक्सच्या ऐवजी विंडोजचा एनपीएम चालतो?

डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, विंडोजचा पाथ लिनक्सच्या पाथला शेवटी जोडतो. लिनक्समध्ये नोड टाकलेलं नसेल तर शोध पुढे जात जात /एमएनटी/सी (विंडोजचा सी ड्राइव्ह) खालच्या एनपीएमवर थांबतो आणि मग अगम्य चुका येतात. लिनक्सच्या आत नोड इन्स्टॉल करा. विंडोजचा पाथ नकोच असेल तर /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फमध्ये ‘इंटरॉप’ या चौकटी कंसातल्या शीर्षकाखाली ‘अपेंडविंडोजपाथ=फॉल्स’ लिहा (यात विंडोजचा डब्ल्यू आणि पाथचा पी कॅपिटल), आणि विंडोजच्या बाजूने ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ चालवा. त्यानंतर लिनक्सच्या खिडकीतून ‘कोड’ किंवा ‘एक्स्प्लोरर.ईएक्सई’ नुसत्या नावाने उघडणार नाहीत.